नळाच्या पलीकडची गळती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी कोजागरीच्या आठवडाभर आधी साताऱ्याहून माझ्या दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून खणखणीत. म्हणाले, "मेहुणे, तुम्ही बांधून दिलेलं यंत्र शूऽऽ करायला लागलंय. येऊन बघा, नाहीतर मी ते भंगारवाल्याला देऊन टाकतो."

यंत्र म्हणजे व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो, त्या काळात १९९६ साली सुट्टीत बसून तो ताईसाठी बांधला होता. ताई गायची. मैफिली केल्या नाहीत, पण घरात आणि शेजारात तिच्या गाण्यावाचून कोजागरी होत नसे. १९७८ च्या कोजागरीला गच्चीवर कुणीतरी कॅसेट रेकॉर्डर ठेवला आणि तिचं पाऊण तासाचं गाणं टिपलं गेलं. ताईला जाऊन आता सहा वर्षं झाली. दर कोजागरीला रात्री सगळं निजानीज झालं की दाजी ती कॅसेट लावतात. त्यामुळे हा फोन साध्या दुरुस्तीचा नव्हता, हे मला कळत होतं.

व्हॉल्व्हच्या यंत्रांचा हा शूऽऽ आवाज पुष्कळांच्या परिचयाचा असेल. हल्ली जुन्या रेकॉर्डी आणि व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर यांची हौस पुन्हा वाढली आहे. हौसेने यंत्र घरी आणलं जातं, आणि पहिल्याच रात्री आलाप सुरू होण्याआधीच्या शांततेत स्पीकरमधून कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ निसटावी तसा आवाज येऊ लागतो. मग व्हॉल्व्ह बदला, वायरी बदला, दुकानदाराशी भांडा, असा सिलसिला सुरू होतो. मीही तेच केलं. नंतर अक्कल आली, आणि तीच आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

आधी आवाजाचं नाव विचारा

स्पीकरमधून नको असलेले आवाज मुख्यतः तीन प्रकारचे येतात. पहिला घूंऽऽ असा, ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिल्यासारखा. हा ‘हम’. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते. ती किंवा तिची दुप्पट, म्हणजे शंभर आवर्तनं, कुठूनतरी आत शिरली की हम येतो. अर्थिंग, पॉवर सप्लाय आणि वायरींची मांडणी ही त्याची नेहमीची ठिकाणं. दुसरा आवाज खरखरीचा. तडतड, फटफट, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. सॉकेटमध्ये सैल बसलेला व्हॉल्व्ह, काळ्या पडलेल्या पिना, खराब झालेला रेझिस्टर किंवा झिजलेला व्हॉल्यूम कंट्रोल यांची ही कामं. तिसरा आपला शूऽऽ. त्याला आमच्या धंद्यात ‘हिस’ म्हणतात. तो एकसारखा असतो. त्याला सूर नसतो, लय नसते. सगळ्या कंपनसंख्या त्यात एकत्र मिसळलेल्या असतात.

हा फरक आधी ओळखावा, कारण तिन्हींची औषधं वेगळी आहेत. हमवर व्हॉल्व्ह बदलून उपयोग होत नाही आणि हिसवर अर्थिंग तपासून काही हाती लागत नाही. दाजींच्या फोनवर मी एवढंच विचारलं, "घूं की शू?" ते म्हणाले, "शू. शाळेत मास्तर तोंडावर बोट ठेवून करायचे तसा."

हा आवाज येतो कुठून?

व्हॉल्व्हच्या आत एक छोटी भट्टी असते. मधली नळी, म्हणजे कॅथोड, सुमारे सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या पत्र्याला, म्हणजे प्लेटला, मोठा धन व्होल्टेज दिलेला असतो. तो त्यांना ओढून घेतो. दोहोंच्या मध्ये तारेची जाळी असते. जाळीवरचा व्होल्टेज किंचित बदलला की इलेक्ट्रॉनचा प्रवाह पुष्कळ बदलतो. लहान संकेताचा मोठा संकेत होतो तो असा. ली द फॉरेस्टने १९०६ साली हा जाळीचा मार्ग शोधला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं रेडिओचं सगळं जग त्यावर चाललं.

पण वीज म्हणजे नळातून येणारी अखंड धार नव्हे. इलेक्ट्रॉन एकेक करून येऊन आदळतात. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडतो तेव्हा एका थेंबाचा टप्‌ असा आवाज होतो, पण लाखो थेंब पडले की त्याचा सलग सूर नसलेला आवाज होतो. व्हॉल्व्हमध्ये हेच घडतं. जर्मनीत वाल्टर शॉट्की यांनी १९१८ साली हे गणिताने मांडलं आणि त्याला बंदुकीच्या छर्‍यांवरून नाव दिलं.

दुसरा उगम तर त्याहून साधा आहे. कुठलाही रेझिस्टर नुसता पडून असला, त्यातून वीज जात नसली, तरी त्याच्या दोन टोकांमध्ये अतिसूक्ष्म व्होल्टेज थरथरत असतो. कारण उष्णता. आतले इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानालाही स्वस्थ बसत नाहीत. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी हे मोजलं, हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं सूत्र दिलं, आणि १९२८ साली दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले. त्या सूत्राने हिशेब केला तर एक लाख ओहमच्या रेझिस्टरमधून, माणसाला ऐकू येणाऱ्या वीस हजार आवर्तनांच्या पट्ट्यात, सुमारे पावणेसहा मायक्रोव्होल्ट इतका आवाज निघतो. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. रेझिस्टर दहा हजार ओहमचा असेल तर हाच आकडा दोनाच्या जरा आत येतो. रेझिस्टर कितीही महागाचा आणला तरी हा आवाज त्याच्याखाली जात नाही.

त्याच्यावर मात्र जाऊ शकतो. जुन्या यंत्रांत तपकिरी, जाड अंगाचे कार्बनचे रेझिस्टर असतात. त्यांच्यातून वीज वाहते तेव्हा कार्बनच्या कणाकणांमधल्या सांध्यांवर आणखी आवाज तयार होतो. धातूच्या पातळ थराचे, म्हणजे मेटल फिल्मचे रेझिस्टर या बाबतीत शांत. जुन्या प्रीअ‍ॅम्पमध्ये प्लेटला जोडलेले रेझिस्टर जाणकाराकडून बदलून घेतले तर फरक पडतो, तो यामुळे.

तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की धरा. हिस शून्य होत नाही. आपलं काम एवढंच, की तो आपल्या कानांच्या आणि खोलीच्या शांततेच्या खाली ठेवायचा.

मी काय चूक केली

साताऱ्याला पोहोचलो आणि मी पहिला हात व्हॉल्व्हला घातला. चाळीस वर्षांची सवय! ताईच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये दोन व्हॉल्व्ह आहेत, ईसीसी ८३ जातीचे. अमेरिकन नाव बारा एएक्स सात. उजव्या बाजूला एक, डाव्या बाजूला एक. एका काचेत दोन भाग असतात. एक भाग संकेत वाढवतो, दुसरा तो पुढे ढकलायला ताकद देतो. माझ्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या बंगळूरच्या कारखान्यातले जुने व्हॉल्व्ह जपून ठेवलेले होते. ते लावले. हिस तसाच. पुढच्या खेपेला मुंबईतल्या एका दुकानातून नवी रशियन जोडी आणली. दुकानदार म्हणाला, "हे लावा, टाचणी पडली तरी ऐकू येईल." लावले. टाचणी ऐकू आली असती कदाचित, पण हिसही ऐकू येत होता. पैसे गेले ते गेलेच.

दाजींनी एव्हाना कॅसेटची पेटी कपाटात ठेवून दिली होती. म्हणाले, "राहू द्या मेहुणे. कोजागरी काय, पुढच्या वर्षीही येईल." हे त्यांनी इतक्या सहजपणे म्हटलं की मला रात्री झोप लागली नाही.

सकाळी चहा घेताना सुचलं, की पहिल्याच दिवशी यंत्र मला उत्तर देत होतं आणि मी ऐकलं नव्हतं. हिस दोन्ही स्पीकरमधून सारखाच येत होता. बिघडलेला व्हॉल्व्ह सहसा एकच असतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच मापाने बिघडतील हे संभवत नाही. आवाज एकाच बाजूला जास्त असेल, तर यंत्र बंद करून, थंड होऊ देऊन, डावा-उजवा व्हॉल्व्ह आपसांत बदलावा. आवाज व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर व्हॉल्व्ह दोषी. जागच्या जागी राहिला तर दोष दुसरीकडे. आणि दोन्हीकडे सारखा असेल तर व्हॉल्व्हच्या दुकानात जायची घाई करू नये. विद्यार्थ्यांना हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो.

नळाच्या अलीकडे की पलीकडे?

मग मी पद्धतशीर बसलो. ही पद्धत घरी कुणालाही करता येते. फक्त पेटी उघडायची नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रात अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहतात. तो झटका जीव घेऊ शकतो. पुढे सांगतो आहे ते सगळं पेटीच्या बाहेरून करायचं, आणि कुठलीही वायर काढताना किंवा लावताना सगळं बंद करूनच.

पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. गच्चीवर टाकी, तिथून पाइप, मध्ये नळ, नळाच्या पुढे बादलीपर्यंत नळी. कॅसेट डेक किंवा सीडी प्लेअर ही टाकी. व्हॉल्यूमचं बटण हा नळ. त्यापुढे प्रीअ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि शेवटी स्पीकर. गळती नळाच्या अलीकडे असेल तर नळ बंद केल्यावर बादलीत थेंब पडणार नाही. पलीकडे असेल, तर नळ कितीही आवळा, थेंब पडतच राहतील.

म्हणून पहिली परीक्षा: व्हॉल्यूम शून्यावर न्या आणि स्पीकरला कान लावा. हिस गेला, तर तो आधीच्या भागातून येतो आहे. मग रेकॉर्ड लावली असेल तर सुई उचलून पाहा. सुई उचलताच गेला तर तो रेकॉर्डच्या पृष्ठभागाचा. सुई उचलूनही राहिला तर रेकॉर्डच्या सुईचा संकेत वाढवणाऱ्या फोनो भागाचा. तिथे तर साध्या मॅग्नेटच्या सुईचा संकेतच पाचेक मिलिव्होल्टचा असतो. तो मोठा करताना हिसही मोठा होणारच, त्यामुळे तिथे चांगला, निवडक व्हॉल्व्ह खरोखरच कामाला येतो.

ताईच्या यंत्रात व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी हिस जसाच्या तसा. म्हणजे गळती नळाच्या पलीकडे.

दुसरी परीक्षा: सगळं बंद केलं, प्रीअ‍ॅम्पकडून येणाऱ्या वायरी पॉवर अ‍ॅम्पमधून काढल्या आणि त्या जागी मधली पिन व बाहेरचं कडं एकमेकांना जोडलेले प्लग बसवले. हे प्लग नेहमी आत येणाऱ्या बाजूलाच लावायचे. बाहेर जाणाऱ्या बाजूला लावले तर यंत्राला इजा होऊ शकते. मग एकटा पॉवर अ‍ॅम्प चालू केला. जवळजवळ शांत. म्हणजे पॉवर अ‍ॅम्प निर्दोष. प्रीअ‍ॅम्प पुन्हा जोडला, सुरू केला, मिनिटभर तापू दिला, आणि हळूहळू शूऽऽ वर आला. चोर सापडला. पण चोराने यंदाच चोरी का केली? यंत्र तर १९९६ पासून तेच होतं.

दाजींच्या नातीला सहज विचारलं, "घरात नवीन काय आणलं गं यंदा?" ती म्हणाली, "मामाआजोबा, हे स्पीकर नवे आहेत. बाबांनी दिवाळीला पुण्याहून आणले." मी दोन खेपा घातल्या, आणि ही दोन माणसाएवढी खोकी माझ्या डोळ्यांसमोर उभी होती!

सगळं गणित स्पीकरमध्ये होतं

प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो: एक वॉट शक्ती दिली तर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो. ताईच्या वेळचे जुने स्पीकर ८६ डेसिबलचे होते. नवे, भोंग्याच्या जातीचे, ९७ डेसिबलचे. अकरा डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच विजेत बाराहून अधिक पट ध्वनिशक्ती. हे स्पीकर वाईट नाहीत. उलट गुणी आहेत, व्हॉल्व्हच्या लहान अ‍ॅम्प्लिफायरसाठीच ते घेतले जातात. पण गाणं जसं ते मोठं करतात तसं हिसही मोठा करतात.

मी मिलिव्होल्टमीटर लावून मोजलं. प्रीअ‍ॅम्पच्या बाहेर येणारा हिस सुमारे शंभर मायक्रोव्होल्ट. पॉवर अ‍ॅम्प त्याला वीस पट करतो, म्हणजे स्पीकरवर दोन मिलिव्होल्ट. आठ ओहमच्या स्पीकरमध्ये ही शक्ती होते वॉटच्या वीस लाखाव्या भागाइतकी. काहीच नाही असं वाटतं ना? पण हिशेब करा. जुन्या स्पीकरमधून एक मीटरवर ती सुमारे २३ डेसिबलची होते. रात्रीच्या शांत खोलीत पंचवीस-तीस डेसिबलचा आवाज असतोच, त्यात ती बुडून जात होती. नव्या स्पीकरमधून तीच ३४ डेसिबल होते आणि पाण्यावर डोकं काढते. यंत्र बिघडलेलंच नव्हतं. ते पहिल्यापासून शूऽऽ म्हणत होतं. ऐकू आता येऊ लागलं.

खरा दोष माझाच होता. १९९६ साली मी प्रीअ‍ॅम्पची वाढवण, म्हणजे गेन, तीस पट ठेवली होती. तेव्हा जुना कॅसेट डेक, मंद स्पीकर. वाटलं, असू द्या हाताशी जास्त. आज सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो आणि बहुतेक पॉवर अ‍ॅम्पना पूर्ण आवाजासाठी एक-दीड व्होल्ट पुरतो. खरं तर तिथे वाढवण्याची गरजच नाही. आपण आधी तीस पट वाढवतो आणि मग व्हॉल्यूमचं बटण सकाळच्या आठ वाजताच्या काट्यासारखं तळाशी ठेवून ती वाढ फुकट घालवतो. हिस मात्र नळाच्या पलीकडे जन्मतो, त्याला ती कपात लागतच नाही. तुमचंही बटण कायम तळाशीच राहत असेल, तर तुमच्या घरीही वाढवण गरजेपेक्षा जास्त आहे असं समजा.

चार रेझिस्टर

उपाय काय केला? प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्या मध्ये, प्रत्येक बाजूला दोन-दोन रेझिस्टर लावले. एक २२ हजार ओहमचा, संकेताच्या वाटेत आडवा. दुसरा १० हजार ओहमचा, तिथून जमिनीकडे, म्हणजे अर्थकडे. आलेला संकेत त्यात विभागला जातो आणि पॉवर अ‍ॅम्पचा स्वतःचा भार धरून सुमारे अकरा डेसिबलने कमी होतो. चार रेझिस्टर, सगळे मिळून कटिंग चहाच्या भावात. बाजारात याच कामाच्या तयार पिनाही मिळतात. त्यांना अ‍ॅटेन्युएटर म्हणतात. ज्याला डाग देता येत नाही त्याने त्या घ्याव्यात. लावायच्या त्या पॉवर अ‍ॅम्पच्या तोंडाशी, म्हणजे लांब वायरीत वरचे सूर मंदावत नाहीत.

इथे कुणी विचारेल, की मग गाणंही कमी झालंच की! झालं. पण गाण्यासाठी आपण बटण वर करतो. नळ जास्त उघडला की गाणं अकरा डेसिबलने पुन्हा वर येतं. हिस नळाच्या पलीकडचा, त्यामुळे बटण वर केलं तरी तो वाढत नाही. तो अकरा डेसिबल खालीच राहतो. गाणं होतं तिथे, हिस होता त्याच्या खाली. शिवाय व्हॉल्यूमचं बटण तळाशी असताना डावी-उजवी बाजू कमी-जास्त होते, तेही सुधारतं.

एक सावधगिरी सांगतो. ताईच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये पुढे ढकलणारा दुसरा भाग आहे, म्हणून त्याला हा भार पेलला. काही व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्पना एवढा भार सोसत नाही. त्यांचा खर्ज दुबळा होतो. आपल्या यंत्राला किती ओहमचा भार चालतो हे माहितीपत्रकात पाहावं किंवा जाणकाराला विचारावं. तसंच कमी वाढवणीचा ईसीसी ८२ त्याच सॉकेटमध्ये बसतो म्हणून तो आपल्या मनाने लावू नये. बसतो, पण प्रत्येक मंडलात रमत नाही.

तिसरा आवाज

काम झालं तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी स्पीकरपासून दोन फुटांवर कान नेला. शांत. पण सत्तरीच्या माणसाने आपल्या कानाचा दाखला देऊ नये. वय वाढतं तसे वरचे सूर आधी जातात. म्हणून नातीला बोलावलं. तिने दोन्ही स्पीकरना कान लावला आणि म्हणाली, "इथे चिकटून ऐकलं तर आहे थोडासा. खुर्चीवरून नाही." यापेक्षा चांगला मीटर कुठला मिळणार!

दाजी खुर्चीत बसले. डोळे मिटले. म्हणाले, "आहे की अजून."

मी सगळं बंद केलं. प्लग भिंतीतून काढले. पंखा बंद, फ्रिज बंद. "आता?" ते म्हणाले, "आहे." नातीने माझ्याकडे पाहिलं. ती मान हलवत होती, काहीच नाही म्हणून.

खरं म्हणजे ही पहिली परीक्षा असायला हवी होती. सगळं बंद करून ऐकायचं, मगच यंत्राला हात लावायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. श्रवणाचा आलेख काढला, त्यात वरच्या सुरांची शक्ती दोन्ही कानांत उतरलेली दिसली. डॉक्टरांनी सांगितलं, की ऐकू येणं असं कमी झालेल्या पुष्कळांना कानात सतत शूऽऽ किंवा टींऽऽ असा आवाज जाणवतो. त्यावर रामबाण गोळी नाही, पण श्रवणयंत्राने बाहेरचं नीट ऐकू येऊ लागलं की आतल्याकडे लक्ष कमी जातं. दाजी बाहेर येऊन मला म्हणाले, "मेहुणे, हीसुद्धा नळाच्या पलीकडचीच गळती. इथे तुमचे चार रेझिस्टर चालायचे नाहीत." हसले, पण श्रवणयंत्र बसवून घेतलं. घरातली मंडळी दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती, तेव्हा ऐकलं नव्हतं.

तुमच्या घरी कुणी ज्येष्ठ माणूस यंत्रातून शूऽऽ येतो म्हणत असेल आणि इतरांना तो ऐकू येत नसेल, तर त्याला वेड्यात काढू नका. यंत्राबरोबर एकदा त्याचे कानही तपासून घ्या. आवाज एकाच कानात असेल किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ठेवलेला आवाज

कोजागरीला मी साताऱ्यातच थांबलो. दूध झालं, शेजारी गेले, आणि दाजींनी कॅसेट लावली. बटण आता अकराच्या काट्यावर होतं. आणि स्पीकरमधून पहिल्यांदा काय आलं? शूऽऽ!

मी दचकलो नाही. हा नळाच्या अलीकडचा. कॅसेटची फीत जेमतेम चार मिलिमीटरही रुंद नसते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्या मंद चालीने सरकते. तिच्यावरचे चुंबकीय कण स्वतःचाच असा आवाज करतात. रे डॉल्बी यांनी घरगुती फितींसाठी त्यावर १९६८ साली तोडगा काढला, पण १९७८ च्या त्या साध्या रेकॉर्डरमध्ये तो नव्हता. आज संगणकावर हा आवाज पुसता येतो. मी दाजींना विचारलं, "काढून देऊ का? पण फार पुसलं तर ताईचा श्वास आणि तंबोऱ्याची जवारीही थोडी पुसली जाईल. तेही त्याच पट्ट्यात असतं."

दाजींनी हात वर करून मला गप्प केलं. फीत सरकत होती. मग म्हणाले, "हा राहू द्या. हा आला की मला कळतं, आता ती षड्ज लावणार."

ताईने षड्ज लावला. मी व्हॉल्यूमला हात लावला नाही.